सेवाग्रामचे कागद कसे टिकले

महात्मा गांधींच्या संकलित वाङ्मयाचा १९३६ नंतरच्या काळातला कुठलाही इंग्रजी खंड उघडा. पत्र संपते तिथे बारीक टाइपात एक ओळ असते. छायाप्रतीवरून, जी. एन. अमुक. मायक्रोफिल्मवरून, एस. एन. अमुक. मधूनच कुठे एस. जी. अमुक. वाचक सहसा त्या ओळीशी थांबत नाही. मी वर्ध्यात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, आणि माझे बोट मात्र दर वेळी तिथेच थांबत आले आहे. एस. एन. हा साबरमतीच्या संग्रहालयातला अनुक्रमांक. जी. एन. हा दिल्लीत राजघाटावरच्या गांधी संग्रहालयातला. सी. डब्ल्यू. म्हणजे वाङ्मयाच्या संपादन कार्यालयाने स्वतः मिळवलेला कागद. एम. एम. यू. म्हणजे फिरत्या मायक्रोफिल्म पथकाने तयार केलेले रीळ. आणि एस. जी. म्हणजे आमच्या सेवाग्रामचा संग्रह. पण तो मूळ कागद नव्हे, त्याची दिल्लीत ठेवलेली छायाप्रत.

मूळ कागद एकीकडे, त्याची प्रत दुसरीकडे, आणि कुठली प्रत कुठे आहे याची नोंद तिसरीकडे, छापील खंडात. शेकडो घरांत विखुरलेला एवढा मोठा संग्रह नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने या तीन गोष्टींच्या बळावर राखला. आज वर्ध्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेने आपले दप्तर स्कॅन करून घेतले की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो : हे सगळे ठेवायचे कुठे, आणि आपल्याला परवडेल असे कसे? तो प्रश्न घेऊन लोक संगणकाच्या दुकानात जातात. त्याआधी त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा, असे मला मनापासून वाटते. तिथे या प्रश्नाचे उत्तर एकदा शोधून झालेले आहे.

पोस्टाने वाटला गेलेला संग्रह

विनोबा ८ एप्रिल १९२१ ला वर्ध्यात आले ते जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे. गांधीजींनाही इथे आणले ते जमनालालजींनीच. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांनी चालवले. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी मगनवाडी सोडून जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. टपाल यायचे वर्ध्याला. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला मगनवाडीतच राहत आणि वैशाखाच्या उन्हातही रोज पायी सेगावला जाऊन परत येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. जगभरातून येणारी पत्रे आणि जगभर जाणारी उत्तरे या वाटेने माणसाच्या खांद्यावरून गेली.

टपालाचा व्याप असा की गावाचे नावच बदलावे लागले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात. म्हणून १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. एखाद्या गावाचे नाव पत्रे नीट पोहोचावीत म्हणून बदलते, यावरूनच त्या गावातून किती कागद ये-जा करत असेल याची कल्पना यावी.

आता या कागदाची व्यवस्था पाहा. आलेली पत्रे आश्रमात राहत. गेलेली पत्रे ज्याची त्याच्याकडे. काहींच्या नकला महादेवभाई, प्यारेलाल किंवा दुसरे कुणी हाताने उतरवून ठेवत. पुष्कळांची नक्कल राहिलीच नाही. गांधीजी पाकिटाची कोरी बाजू, तारेच्या फॉर्मची पाठ, कागदाचा कपटा, काहीही वाया घालवत नसत. मौनाच्या दिवशी लिहिलेल्या चिठ्ठ्याही कुणीतरी जपल्या. त्यामुळे गांधीजींच्या पत्रांचा खरा संग्रह सेवाग्रामच्या कपाटात कधी नव्हताच. तो मीराबहनच्या पेटीत होता, राजकुमारी अमृत कौर यांच्याकडे होता, मणिबहन पटेलांकडे होता, नारणदास गांधींकडे होता, आणि ज्यांची नावे इतिहासात कुठेच येत नाहीत अशा शेकडो कार्यकर्त्यांच्या घरी होता. प्रत्येकाकडे थोडा. आणि ज्याच्याकडे जे होते ते तो जिवापाड जपत होता, कारण ते पत्र त्याला आले होते.

या व्यवस्थेला कुणी योजनेचे नाव दिले नव्हते. पण तिची परीक्षा १९४२ मध्ये झाली.

नष्ट केलेल्या फायली

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. सोबत महादेवभाई होते. आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला, आगाखान पॅलेसच्या बंदिवासातच महादेवभाई वारले. तिकडे अहमदाबादेत सरकारने नवजीवन मुद्रणालय ताब्यात घेतले आणि गांधीजींच्या ‘हरिजन’च्या १९३३ पासूनच्या जुन्या अंकांच्या फायली नष्ट केल्या. गांधीजींनी बंदिवासातून सरकारला लिहिलेल्या पत्रांत याचा निषेध आहे. वृत्तपत्र बंद करणे त्यांना एक वेळ समजत होते. जुने अंक नष्ट करणे हा निराळाच प्रकार होता.

छापखान्यातल्या फायली गेल्या, तरी ‘हरिजन’ गेले नाही. ते साप्ताहिक होते. दर आठवड्याला ते टपालाने वर्गणीदारांकडे गेलेले होते. कुणी ते बांधून ठेवले होते, ग्रंथालयांनी खंड बांधून मांडणीवर लावले होते. सरकारला एक इमारत ताब्यात घेता आली. सगळ्या वर्गणीदारांची घरे ताब्यात घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे १९७० च्या दशकात ‘हरिजन’चे १९ खंडांत पुनर्मुद्रण झाले ते या वाचलेल्या अंकांमुळेच.

संग्रहाला धोका असतो तो वाळवीचा, पाण्याचा, आगीचा. पण सत्तेचाही असतो, आणि सत्तेच्या धोक्यावर लोखंडी कपाट चालत नाही. त्यावर एकच इलाज चालतो : प्रती अनेकांच्या हाती असणे, आणि त्या सगळ्या एकाच्या हुकमाखाली नसणे.

मूळ ज्याचे त्याच्याकडे

१९४९ मध्ये गांधी स्मारक निधी उभा राहिला. १९५६ मध्ये भारत सरकारने संकलित वाङ्मयाचे काम हाती घेतले. पहिले मुख्य संपादक भारतन कुमारप्पा, म्हणजे मगनवाडीच्या कुमारप्पांचे धाकटे भाऊ. ते लवकर वारले. मग जयरामदास दौलतराम आले, आणि १९६० पासून पंचवीस वर्षे के. स्वामिनाथन. पहिला खंड १९५८ चा, शंभरावा १९९४ चा. पाने पन्नास हजारांवर.

या कामाची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. घरोघरी जपलेली पत्रे सक्तीने गोळा करून एका इमारतीत भरण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. पत्र मागायचे, त्याची फोटोस्टॅट प्रत काढायची, तिला क्रमांक द्यायचा, आणि द्यायला मन नसेल त्याचे मूळ परत करायचे. जिथून कागद हलवता येत नाही तिथे मायक्रोफिल्मचे फिरते पथक जायचे. पस्तीस मिलिमीटरच्या शंभर फुटी रिळात सहा-सातशे पाने बसतात. दप्तराचे कपाट अशा रिळांच्या रूपाने पिशवीतून दुसऱ्या गावी नेता येते. वाचायला भिंग आणि दिवा पुरतो. सेवाग्रामच्या संग्रहाच्या छायाप्रती दिल्लीला गेल्या त्या याच काळात, आणि खंडांतल्या त्या बारीक ओळींत एस. जी. उमटले.

याच सुमारास वर्ध्यातूनही एक पुस्तक निघाले. बजाज परिवाराला गांधीजींनी लिहिलेली पत्रे काकासाहेब कालेलकरांनी संपादित केली, आणि १९५३ मध्ये ती ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ या नावाने छापली गेली. एका कुटुंबाची खासगी पत्रे हजारो वाचकांच्या घरी गेली. मीराबहन, मणिबहन, सरदार पटेल यांना आलेल्या पत्रांचीही अशीच पुस्तके झाली. संकलित वाङ्मयाच्या संपादकांना पुष्कळ ठिकाणी मूळ पत्र हाती आले नाही, तेव्हा अशा पुस्तकांचाच आधार मिळाला. छापणे हा प्रती वाटण्याचा तेव्हाचा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

याउलट वस्तूचे पाहा. २०११ मध्ये बातमी आली की सेवाग्राम आश्रमात ठेवलेला बापूंचा चष्मा चोरीला गेला. चष्म्याची प्रत काढता येत नाही. गेला तो गेला. २०१२ मध्ये गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्याकडची गांधीजींची पत्रे परदेशात लिलावाला निघाली, तेव्हा भारत सरकारला मोठी रक्कम मोजून ती घ्यावी लागली. एकमेव वस्तूचे मोल अफाट वाढते. मजकुराचे संरक्षण मात्र त्या मानाने फार थोड्या पैशांत होते, वेळीच प्रत काढली तर.

नोंद नसलेली वाटणी

नुसते विखुरलेले असणे मात्र पुरत नाही. याचा दाखलाही आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे, आणि तो दुःखाचा आहे.

मार्च १९५१ मध्ये विनोबा इथून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा पहिला प्रसंग घडला. पुढच्या वर्षांत देशभरातून सुमारे ४७ लाख एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. प्रत्येक दानाचे दानपत्र झाले. सभा संपता संपता, कंदिलाच्या उजेडात, उत्साहाच्या भरात ती भरली गेली. कित्येक दानपत्रांवर दात्याचे नाव आहे, गाव आहे, एकर आहेत. जमिनीचा खाते क्रमांक किंवा गट नाही. ही दानपत्रे निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या समित्यांच्या दप्तरांत पडली. काही गहाळ झाली. जी आहेत त्यांवरून नेमकी जमीन कोणती हे ठरवता येत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी भूमिहीनाला ती मिळालीच नाही, किंवा मिळालेली त्याच्याकडे टिकली नाही.

कागद दोन्हीकडे विखुरलेलाच होता. गांधीजींच्या पत्रांना एस. एन., जी. एन., एस. जी. असा पत्ता मिळाला. दानपत्रांना मिळाला नाही. पत्ता नसलेला कागद असून नसल्यासारखा होतो. आणि त्याची किंमत अभ्यासकाने नव्हे, भूमिहीन मजुराने मोजली. दप्तराच्या गोष्टी म्हणजे विद्वानांचा छंद, असे कुणी म्हणाले की मला हे दानपत्र आठवते.

दगड आणि कागद

टिकाऊपणा म्हटले की आपल्या मनात पहिल्यांदा दगड येतो. वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर गीताईचे, म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचे, अठरा अध्याय कोरलेले आहेत. १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते ते खुले झाले. मी तिथे पुष्कळदा जाते. पावसाने धुतलेल्या शिळेवर अक्षर बोटाने वाचता येते, आणि ते पाहून मन शांत होते.

पण गीताई टिकली आहे ती शिळांमुळे नाही. १९३२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हापासून तिच्या लहान, स्वस्त, खिशात मावणाऱ्या लाखो प्रती महाराष्ट्रात घरोघरी गेल्या आहेत. पवनारच्या परंधाम प्रकाशनाने ती साखळी तुटू दिली नाही. एक प्रत फाटली की दुसरी घेतली जाते. उद्या त्या शिळांना काही झाले, तर घरातल्या पुस्तकांवरून त्या पुन्हा कोरता येतील. पुस्तके नसती, तर भेगाळलेल्या शिळेवरचे अक्षर कुणी भरून दिले असते?

मगनवाडीत हातकागदाचेही मोठे काम झाले. चिंध्यांपासून केलेला तो कागद जाड, खडबडीत, पण ऐंशी वर्षांनीही वाकतो, तुटत नाही. आज जुनी फाइल उघडली की फरक लगेच कळतो. वर्ध्यातल्या एका संस्थेचे दप्तर स्कॅन करायला काढले तेव्हाची एक फाइल सांगते. वरची नाडी कुजलेली. आत टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या. ओढली तर कागदाचा कोपरा तिच्यासोबत येतो. म्हणून आधी पातळ पात्याने गंज सैल करायचा. टंकलिखित पत्राची कार्बन प्रत कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावर, अक्षरे पाठीमागून वाचता येतील अशी उमटलेली. सायक्लोस्टाइल केलेले परिपत्रक पिवळे पडून कडा झडलेले. आणि त्यांच्या मधोमध हातकागदावरचे एक हिशेबाचे पान, जवळजवळ जसेच्या तसे. त्याच फाइलला कसर लागली होती. तिने खळीचा कागद कुरतडला होता, आणि ओल लागलेल्या तळाला वाळवी होती. वाळवीने मात्र चांगल्या-वाईट कागदात भेद केलेला नव्हता.

माध्यम चांगले निवडावे हे खरेच. पण कुठलेही माध्यम सगळ्या संकटांना पुरत नाही, हे त्या एका फाइलीत दिसते.

चकतीवरचे वाङ्मय

१९९० च्या दशकाच्या अखेरीस संकलित वाङ्मयाची सुधारित आवृत्ती निघाली, आणि सगळे खंड सीडीवर आले. आमच्यासारख्या ग्रंथपालांना हायसे वाटले. शंभर खंडांना लागणारी मांडणी एका चकतीत! पण अभ्यासकांनी ती आवृत्ती जुन्या खंडांशी ताडून पाहिली, तेव्हा कळले की कित्येक नोंदी गळल्या आहेत, क्रम बदलला आहे, जुन्या खंडांच्या प्रस्तावना मुळातून काढून वेगळ्या केल्या आहेत. वर्षानुवर्षे दिलेले संदर्भ जुळेनात. मोठा वाद झाला, समिती नेमली गेली, आणि २००५ मध्ये सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. पुढे मूळ छापील आवृत्तीवरून, गुजरात विद्यापीठात, नवी डिजिटल आवृत्ती तयार झाली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. साबरमती आश्रमाच्या ट्रस्टने २०१३ मध्ये सुरू केलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर ते खंड आज कुणालाही वाचता येतात.

ही चूक सापडली कशी? जुने खंड देशभरच्या ग्रंथालयांच्या मांडणीवर होते म्हणून. ताडून पाहायला दुसरी प्रत होती म्हणून. नवी सीडी आली म्हणून एखाद्या ग्रंथालयाने जुने खंड रद्दीत काढले असते, आणि सगळ्यांनीच तसे केले असते, तर काय गळले हे कुणालाच कळले नसते. प्रती अनेक असण्याचा उपयोग फक्त हरवलेले परत मिळवण्यापुरता नाही. आहे ते खरे आहे ना, हे तपासायलाही दुसरी प्रत लागते.

दुसरा दाखला भारतीय भाषांतल्या पुस्तकांचा. २००० नंतरच्या दशकात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. पण त्याआधी कार्ल मालमुद या माहितीच्या खुलेपणासाठी झटणाऱ्या गृहस्थांनी चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या होत्या. जुने मराठी पुस्तक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजही तिथेच पाठवते. सरकारी प्रकल्पाचा पैसा, श्रम, सगळे एका पत्त्यावर होते. वाचले ते दुसरा पत्ता होता म्हणून.

आता आपण काय करावे

ज्या संस्थेच्या फाइलीविषयी वर सांगितले, तिथे आम्ही हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवला. त्यातले आकडे इतरांना उपयोगी पडतील.

ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून दाबून लहान न करता ठेवले, तर सुमारे २६ मेगाबाइट होते. दीड लाख पानांचे जवळजवळ ४ टेराबाइट. तीन प्रती ठेवायच्या तर १२. छोट्या संस्थेच्या दृष्टीने हा आकडा घाबरवणारा वाटतो, पण तो आज साध्या हार्ड डिस्कवर मावतो.

बाजारात पर्याय चार प्रकारचे. हार्ड डिस्क स्वस्त, पण तिचे आयुष्य मोजके. चार-पाच वर्षांनी बदलायचीच असे धरून चालावे. एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वीज न देता कपाटात ठेवून द्यायला योग्य नाही. त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, तो भार उष्णतेत लवकर झिजतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. चुंबकीय टेप टेराबाइटमागे फार स्वस्त आणि टिकाऊ. पण ती वाचणारे यंत्र लाखांत जाते, आणि नवे यंत्र फार मागच्या पिढीची टेप वाचत नाही. शेकडो टेराबाइट असतील तरच ती परवडते. चौथा पर्याय क्लाउडचा. तिथे थंड साठवणीचा, म्हणजे क्वचितच उघडायच्या माहितीसाठीचा, दर कमी दिसतो. पण माहिती परत काढायचे पैसे वेगळे लागतात, आणि दरमहाचे बिल थांबले की प्रतही थांबते. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने हे डोळ्यांआड करू नये.

मोठ्या विद्यापीठांसाठी आणखी एक मार्ग आहे. ५ आणि ७ हे दोन आकडे दोन ठिकाणी ठेवले आणि त्यांची बेरीज १२ तिसऱ्या ठिकाणी ठेवली, तर तिन्हींपैकी कुठलेही एक हरवले तरी उरलेल्या दोहोंवरून ते काढता येते. रीड आणि सॉलोमन या दोन गणितींनी १९६० मध्ये याच तत्त्वाची पुढची, फार समर्थ रीत मांडली. तिच्या आधारे माहितीचे चार तुकडे आणि दोन पूरक तुकडे करून सहा यंत्रांवर ठेवले, तर कुठलीही दोन यंत्रे गेली तरी सगळे परत मिळते, आणि जागा लागते फक्त दीडपट. तीन पूर्ण प्रतींनाही दोन प्रती गमावणे सोसते, पण जागा तिप्पट लागते. म्हणजे शेकडो टेराबाइटांच्या संग्रहाला ही रीत निम्म्या खर्चात पडते.

तरीही आमच्या संस्थेसाठी मी पूर्ण प्रतींचाच आग्रह धरला. तुकड्यांची रीत चालवायला सतत चालू असलेली यंत्रे आणि ती समजणारा माणूस लागतो. तो माणूस पुण्याला नोकरी लागून गेला, तर सहा यंत्रांवरचे तुकडे वाचणार कोण? एकट्या तुकड्याचा अर्थ लागत नाही. पूर्ण प्रत मात्र, साध्या फोल्डरांत, साध्या नावांनी ठेवलेली, कुठल्याही संगणकावर कुणालाही उघडता येते. ‘हरिजन’च्या वर्गणीदाराला अंक वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती, कुणाचे यंत्र लागत नव्हते. छोट्या संग्रहाला हा गुण जागेच्या बचतीपेक्षा मोलाचा आहे.

म्हणून आम्ही असे केले. एक प्रत संस्थेत. दुसरी पुण्यातल्या एका स्नेही संस्थेत, आणि मोबदल्यात त्यांची प्रत आमच्याकडे. म्हणजे दूरच्या जागेचे भाडे कुणालाच पडत नाही. तिसरी क्लाउडच्या थंड साठवणीत, अगदीच अडीनडीला. ज्यांवर कुणाचा हक्क शिल्लक नाही आणि ज्यांत कुणाचे खासगी काही नाही, अशी पाने सार्वजनिक संकेतस्थळावर. गांधीजींच्या लेखनावरचा नवजीवनचा स्वामित्वहक्क २००८ अखेर संपला, त्यामुळे ते काम सोपे झाले. प्रत्येक पानाला क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुठल्या फाइलीत, कुठल्या प्रतीत आहे याची सूची छापून, बांधून, दोन्ही संस्थांत कागदावर.

शिवाय प्रत्येक फाइलीची एक खूण काढून ठेवली आहे. संगणक फाइलीतल्या सगळ्या माहितीवरून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढतो. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या खुणा ताडायच्या. मागच्या तपासणीत १९३९ च्या एका पोस्टकार्डाची खूण जुळली नाही. सूतकताईच्या हिशेबाचे कार्ड. उघडून पाहिले तर वरचा अर्धा भाग ठीक, खालचा नुसता करडा पट्टा. पुण्याच्या प्रतीतले कार्ड पूर्ण होते. ते आणून इथे लावले. दोन मिनिटांचे काम. तपासले नसते, तर तीच बिघडलेली फाइल पुढच्या डिस्कवर, तिथून त्यापुढच्या डिस्कवर उतरत गेली असती, आणि चांगल्या प्रतीची डिस्क बदलल्यावर हिशेब कायमचा गेला असता. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास सुरू केलेल्या लॉक्स या योजनेत ग्रंथालये एकमेकांच्या प्रती अशाच ताडून पाहतात आणि बिघडलेली दुरुस्त करतात.

या सगळ्यात सर्वांत कमी पैसा लागला तो यंत्रांना. सर्वांत जास्त लागली ती चिकाटी, आणि तीच अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. संस्थांना माझे कळकळीचे सांगणे आहे : स्कॅनिंगच्या एकरकमी देणगीवर समाधान मानू नका. दर वर्षी तपासणीचा आणि दर पाच वर्षांनी डिस्क बदलण्याचा खर्च ठरावात लिहून घ्या, रक्कम लहान असली तरी. तपासणीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे पद इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे माणसे बदलली तरी काम थांबणार नाही. आणि ज्यांच्या घरी आजोबांची, आजीची जुनी पत्रे आहेत त्यांनी ती कुणाला देऊन टाकायची गरज नाही. मूळ आपल्याकडेच ठेवा. एक प्रत काढू द्या, आणि ती कुठे ठेवली आहे याची नोंद मागून घ्या. सेवाग्रामचे कागद या रीतीने वाचले, तुमचेही वाचतील.